नव्या माशाचे चाळीस दिवस



वसंत व्याख्यानमालेत कामगार चळवळीतल्या माणसाला बोलावले, की तो बोनस, महागाई भत्ता आणि कंत्राटी कामगार यांवर बोलणार, असे श्रोते घरूनच ठरवून येतात. चालकांनीही मला तोच विषय सुचवला होता. परंतु त्या विषयावर मी वर्षाचे तीनशे दिवस गेटवर बोलतच असतो. तेव्हा एक संध्याकाळ तरी मला माझ्या छंदाविषयी बोलू द्यावे, अशी मागणी मी केली, आणि आश्चर्य असे, की ती एका बैठकीत, संपाची नोटीस न देता, मान्य झाली. म्हणून आजचा विषय : समुद्राच्या पाण्यातला नवा मासा घरच्या काचेच्या टाकीत सोडण्यापूर्वी काही दिवस वेगळा का ठेवावा, आणि कसा ठेवावा.

विषय लहान आहे, असे कोणाला वाटेल. पण मी हे मासे पहिल्यांदा पाहिले ते दुकानात नव्हे, तर विमानतळाच्या मालधक्क्यावर. तिथले लोडर आमच्या युनियनचे सभासद आहेत. थर्मोकोलच्या पेट्या येतात, त्यांवर ‘जिवंत मासे’ अशी चिठ्ठी असते. आत प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत अगदी थोडे पाणी, वर प्राणवायू भरलेला, आणि पाण्यात एकटा एक मासा. हा मासा इंडोनेशियाच्या किंवा फिलिपिन्सच्या प्रवाळखडकांवर पकडलेला असतो. पकडणारा कोळी, त्याच्याकडून घेणारा दलाल, निर्यातदार, विमान, आयातदार, ठोक व्यापारी, किरकोळ दुकानदार आणि शेवटी तुमच्या दिवाणखान्यातली टाकी, इतक्या हातांतून तो जातो. या साखळीतल्या प्रत्येकाला एकच घाई असते, की मासा मरायचा असेल तर तो आपल्या हातात मरू नये. त्यामुळे वाटेत कोणीच त्याला विसावू देत नाही. थांबायला दिवस लागतात, दिवसाला पाणी, वीज आणि माणूस लागतो, आणि हा खर्च जो तो पुढच्यावर ढकलतो. असा ढकलत ढकलत तो शेवटच्या माणसापाशी येतो. गिरण्यांत आणि गोदामांत मी हाच हिशेब पाहिलेला असल्यामुळे माशांच्या बाबतीत तो मला चटकन समजला.

आता ‘क्वारंटाईन’ हा शब्द आपल्याला नवा नाही. तो चाळीस या अर्थाच्या इटालियन शब्दापासून आला. एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुझा बंदराने, म्हणजे आजच्या डुब्रोवनिकने, १३७७ साली साथीच्या मुलखातून येणाऱ्यांना तीस दिवस बाहेर थांबवण्याचा नियम केला. पुढे तिसाचे चाळीस झाले. आपल्याकडे सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला, आणि त्यानंतर वेगळे ठेवण्याच्या छावण्या आपल्या आजोबा-पणजोबांनी पाहिल्या. पुण्यात १८९७ साली गोऱ्या सोजिरांनी घराघरांत शिरून जो प्रकार केला, त्यामुळे हा शब्दच लोकांना शत्रूसारखा झाला. २०२० साली तो पुन्हा घराघरांत शिरला. मी हे एवढ्यासाठी सांगतो, की वेगळे ठेवणे आणि कोंडून ठेवणे यांत फरक आहे. ज्याला वेगळे ठेवायचे त्याला चांगले अन्न, स्वच्छ पाणी, निवांतपणा आणि रोज विचारपूस मिळाली पाहिजे. ते नसेल तर त्याला तुरुंग म्हणावे. माशालाही हेच लागू आहे, आणि माशाला तर निषेधसभाही घेता येत नाही.

ज्या शत्रूपासून आपल्याला टाकी वाचवायची आहे, तो कोण? खाऱ्या पाण्यातल्या माशांचा सर्वांत नेहमीचा रोग म्हणजे पांढरे ठिपके. तो करणाऱ्या एकपेशीय परजीवीला ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स’ हे नाव १९५१ साली मिळाले. योगायोग असा, की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय उघडले तेही याच वर्षी. गोड्या पाण्यात असेच ठिपके करणारा दुसरा एक जीव आहे, परंतु तो वेगळा; त्याच्यावर चालणारा पाणी तापवण्याचा उपाय इथे चालत नाही, हे गोड्या पाण्याचे मासे पाळून इकडे वळलेल्या मंडळींनी मुद्दाम लक्षात ठेवावे.

याची चाल नीट समजून घेतली पाहिजे, कारण पुढचे सगळे तीवर अवलंबून आहे. माशाच्या अंगावर मिठाच्या कणासारखा जो ठिपका दिसतो, तो एकेक जीव आहे. तो कातडीच्या वर बसलेला नसतो, कातडीच्या आत शिरून माशाचे शरीर खात असतो. तीन ते सात दिवस खाऊन पोट भरले, की तो बहुधा रात्री अंधारात माशावरून गळून पडतो, वाळूला, दगडाला, काचेला चिकटतो आणि स्वतःभोवती कठीण कवच करतो. कवचाच्या आत त्याचे दोन, चार, आठ असे भाग होत जातात. साधारणपणे तीन ते अठ्ठावीस दिवसांत ते कवच फुटते, आणि एकातून दोनशेच्या आसपास पोरे बाहेर पडतात. या पोरांना एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरतात.

समुद्रात बहुतेक मरतातच. समुद्र अफाट आहे आणि मासा केव्हाच दुसरीकडे गेलेला असतो. म्हणून समुद्रातल्या माशावर चार-दोन ठिपके असले तरी त्याचे काही बिघडत नाही. पण आपली टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच. म्हणजे नऊ घनफूट, अडीचशे लिटर पाणी. मासा रात्री झोपायला रोज त्याच दगडाच्या कपारीत येतो, आणि शत्रूची पोरे त्याच कपारीत जन्मतात. दहा ठिपक्यांचे पंधरवड्यात दोन हजार होतात. सात माणसे एका खोलीत राहणाऱ्या चाळीत खोकला कसा पसरतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे गणित समजावून सांगावे लागणार नाही.

यात एक मोठी फसगत आहे. ठिपके गळून पडतात तेव्हा मासा एकदम स्वच्छ दिसू लागतो. घरात आनंद होतो, ज्याने बाटलीतले औषध विकले त्याला श्रेय मिळते, आणि ज्याने पाण्यात लसूण टाकायला सांगितले त्यालाही मिळते. लसणाने हा जीव मरतो असे कोठेही सिद्ध झालेले नाही. लसूण फोडणीलाच ठेवावा. त्या स्वच्छ दिसणाऱ्या चार-आठ दिवसांत तळाशी कवचे पिकत असतात. मालक वाटाघाटीची तारीख पुढे पुढे ढकलतो तेव्हा कारखान्यात जी शांतता असते, तीच ही शांतता.

दुसरा रोग याहून वाईट, त्याला ‘मखमल’ म्हणतात. त्याच्या जीवाचे नाव अ‍ॅमायलूडिनियम. माशावर बारीक सोनेरी धूळ पडल्यासारखी दिसते, पण ती दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असतो, कारण तो पहिल्यांदा कल्ल्यांवर हल्ला करतो. मासा जोरजोराने श्वास घेतो, उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड देऊन उभा राहतो. दोन-चार दिवसांत टाकी रिकामी. याशिवाय विदूषक माशांना, ज्यांना २००३ सालच्या त्या अमेरिकन चित्रपटानंतर सगळी मुले ‘निमो’ म्हणतात, अंगावर दाट बुळबुळीत थर आणणारा ब्रूकलिनेला नावाचा आजार होतो. कातडीवर चिकटणारे चपटे कृमीही असतात. सगळ्यांची वर्णने करीत बसत नाही. एवढेच सांगतो, की यांतला प्रत्येक जण नव्या माशाबरोबर, त्याच्या पाण्याबरोबर किंवा ओल्या जाळीबरोबर घरात येतो. तो आपोआप उत्पन्न होत नाही.

‘पण मी मासा दुकानात पाहून घेतला, अगदी चकचकीत होता,’ असे लोक सांगतात. दुकानात भिंतीला शंभर खण दिसतात, परंतु पुष्कळ ठिकाणी त्या सगळ्यांचे पाणी खाली एकाच हौदात उतरते आणि तिथून पंपाने पुन्हा वर जाते. काचा शंभर, पाणी एक. शिवाय पुष्कळ दुकानदार त्या पाण्यात थोडे तांबे मिसळून किंवा मीठ कमी ठेवून रोग दाबून ठेवतात. तो मरत नाही, दबतो. तुमच्या घरच्या पाण्यात आला की डोके वर काढतो. एखादा मासा पूर्वी या रोगातून उठलेला असतो, त्याच्या अंगी काही महिने थोडी प्रतिकारशक्ती असते. तो स्वतः ठणठणीत राहून इतरांना रोग देतो. दुकानदार लबाड आहे असे मी म्हणत नाही. तोही साखळीतलाच एक आहे, आणि त्याच्याकडे काम करणारा पोऱ्या तर आठवड्याचे सहा दिवस खाऱ्या पाण्यात हात घालून उभा असतो. पण ‘आम्ही क्वारंटाईन करूनच देतो’ या वाक्यावर मी तरी मासा घेणार नाही. किती दिवस, कोणत्या पाण्यात, कोणाबरोबर, हे तीन प्रश्न विचारावेत आणि मग गप्प उभे राहून उत्तराची वाट पाहावी.

आमच्या एका फिटरच्या घरी मी पाहिलेले सांगतो. नोकरीतून सक्तीची निवृत्ती घेतलेला माणूस. हातात कला असल्यामुळे टाकी, पाइप, फिल्टर सगळे स्वतः बनवलेले. चार वर्षे जपलेले सात मासे. नातीच्या वाढदिवसाला त्याने निळा सर्जन मासा आणला आणि त्याच संध्याकाळी टाकीत सोडला, कारण नातीला तो त्याच संध्याकाळी पाहायचा होता. या जातीला ठिपके लवकर येतात, हे छंदातल्या सगळ्यांना माहीत आहे. पाचव्या दिवशी ठिपके दिसले, आठव्या दिवशी गेले, सोळाव्या दिवशी सगळ्यांवर आले. महिना संपला तेव्हा आठांपैकी एक विदूषक मासा उरला होता. त्या घरात पैशांपेक्षा मोठे दुःख झाले ते असे, की आजोबांनी आणलेल्या भेटीने जुने मासे मेले, हे सहा वर्षांच्या मुलीला समजले. ती काही बोलली नाही, पण टाकीकडे पाठ करून बसू लागली.

आता व्यवस्था कशी करावी, ते सांगतो. साठ लिटरची साधी काचेची टाकी पुरते. तळ उघडा, वाळू नको, प्रवाळाचे दगड नकोत, कारण त्यांत कवचे लपतात आणि पुढे औषध द्यावे लागले तर दगड ते शोषून घेतात. माशाला लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पाइपचे तुकडे आणि एल्बो टाकावेत. एअर पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर, वर झाकण, कारण घाबरलेला मासा उडी मारतो, आणि पुण्यासारख्या गावी थंडीत हीटर. मीठ लिटरला सुमारे पस्तीस ग्रॅम, म्हणजे साठ लिटरला दोन किलोच्या आसपास, आणि तेही मत्स्यालयासाठी बनवलेले समुद्री मीठ, स्वयंपाकाचे नव्हे. मरीन ड्राइव्हवरून बादली भरून आणण्याचा विचारही करू नये.

नवी टाकी ही कोरी असते, तिच्यात माशाच्या शरीरातून निघणारा अमोनिया पचवणारे जंतू नसतात. म्हणून स्पंज आधी तीन-चार आठवडे जुन्या टाकीच्या हौदात ठेवावा, तिथे ते जंतू त्यात वस्ती करतात, आणि मग तो नव्या टाकीत लावावा. एकदा इकडे आलेला स्पंज पुन्हा तिकडे नेऊ नये. जाळी, बादली, नळी या टाकीची वेगळी. हात धुवावेत. दोन टाक्यांत अंतर ठेवावे. मखमल रोगाचे जीव फेसातून उडणाऱ्या तुषारांबरोबर हवेतून तीन मीटरपर्यंत जाऊ शकतात, असे २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातील एका अभ्यासात दिसून आले. आपल्या घरांत तीन मीटर म्हणजे दुसरी खोलीच झाली. जिथे दुसरी खोली नाही तिथे दोन्ही टाक्यांवर झाकण ठेवावे आणि फेस कमी ठेवावा. जे शक्य आहे तेवढे तरी करावे.

मासा घरी आणल्यावर पिशवी उघडण्याआधी थांबा. इथे एक गोष्ट आहे जी उलटी वाटते. पुष्कळांना असे शिकवलेले असते, की पिशवीत थेंब थेंब पाणी सोडून दोन-तीन तास माशाला सवय करावी. दुकान जवळ असेल, अर्ध्या तासात घरी आलात, तर ठीक. पण लांबच्या प्रवासात माशाच्या श्वासाने पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, पाणी आंबटाकडे झुकलेले असते, आणि त्यामुळे साठलेला अमोनिया बहुतांशी निरुपद्रवी रूपात असतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो, आंबटपणा उतरतो आणि तोच अमोनिया विषारी होतो. मग थेंबाथेंबाचे हे तास मासा विषात काढतो. यापेक्षा दुकानातल्या पाण्याचा खारेपणा आधी विचारून घ्यावा, आपल्या टाकीचा तेवढाच करून ठेवावा, पिशवी बंद असतानाच पंधरा-वीस मिनिटे तरंगवून उष्णता सारखी करावी, आणि उघडताच मासा हाताने किंवा भांड्याने उचलून टाकीत सोडावा. पिशवीतले पाणी मोरीत. खारेपणा पुढे वाढवायचा तर तो काही दिवसांत हळूहळू वाढवावा. कमी करणे मासा सोसतो, वाढवणे त्याला जड जाते.

पहिले तीन दिवस औषधाचे नाव काढू नये. दिवा मंद ठेवावा आणि मासा खातो का, एवढेच पाहावे. गोठवलेले आर्टेमिया, बारीक चिरलेली कोळंबी, सर्जन माशाला सुकवलेल्या शेवाळाचा तुकडा. खाणारा मासा निम्मा वाचलेला असतो.

ठिपक्यांच्या रोगावर मला सर्वांत पटलेली पद्धत औषधाशिवायची आहे. इस्रायलमधील एलात येथील संशोधक अँजेलो कोलोर्नी यांनी १९८०च्या दशकात या जीवाच्या अवस्थांचा बारकाईने अभ्यास केला. कवच फुटायला कमीत कमी तीन दिवस लागतात ना? मग तीन दिवस पुरे होण्याच्या आत मासा दुसऱ्या स्वच्छ, कोरड्या करून भरलेल्या टाकीत न्यायचा. गळून पडलेली कवचे मागे राहतात. पहिली टाकी धुऊन पूर्ण वाळवायची, वाळवल्याने कवचे मरतात. पुन्हा तीन दिवसांनी तिच्यात परत. असे चार वेळा केले, की बारा दिवसांत अंगावरचे सगळे गळून मागे राहिलेले असतात आणि नवे चढायला मिळालेले नसतात. दोन साध्या टाक्या, मीठ आणि घड्याळ, एवढेच भांडवल. या पद्धतीत शत्रूला मारावे लागत नाही, त्याला फक्त चुकीच्या गेटवर उभे करून ठेवायचे असते, आणि म्हणूनच मला ती विशेष आवडते.

मखमल रोगावर ही चालत नाही, तिथे तांबे लागते. पाण्यात मोकळे तांबे लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम, याहून कमी असेल तर रोग मरत नाही, जास्त झाले तर मासा मरतो. म्हणून रोज चाचणी घ्यावी, अंदाजाने थेंब टाकू नयेत. तांबे कातडीतल्या जीवाला मारत नाही आणि कवचातल्यालाही मारत नाही, फक्त मधल्या पोहणाऱ्या पोराला मारते, म्हणूनच ते आठवडे टिकवावे लागते. आणि शंख, कोळंबी, खेकडा, प्रवाळ असलेल्या मोठ्या टाकीत तांबे कधीही टाकू नये, ते सगळे मरतील. चपट्या कृमींसाठी गोड्या पाण्याची पाच मिनिटांची आंघोळ, पाण्याची उष्णता आणि क्षारता आधी जुळवून. कृमी पांढरे होऊन गळतात ते डोळ्यांना दिसतात. ब्रूकलिनेलावर फॉर्मॅलिन वापरतात. हे औषध कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत मोडते, ते बंद खोलीत, मुले जवळ असताना, हातमोज्यांशिवाय हाताळू नये. रासायनिक कारखान्यातल्या माणसांबरोबर मी पुष्कळ वर्षे काढली आहेत, त्यामुळे या एका वाक्यावर माझा आवाज चढतो, त्याबद्दल क्षमा असावी.

सगळ्याच माशांना आल्याबरोबर तांबे द्यावे, असे सांगणारा एक पक्ष आहे. मी त्या पक्षाचा नाही. काही जातींना ते सोसत नाही, आणि प्रवासाने अर्धमेल्या झालेल्या माशाला विषाची मात्रा देण्यात मला शहाणपण दिसत नाही. बारा दिवस बदल्या, त्यानंतर अठ्ठावीस दिवस एकाच टाकीत खाणे-पिणे आणि नजर, आणि लक्षण दिसताच औषध, असा माझा क्रम आहे. बेरीज चाळीस होते. जुन्या दर्यावर्दी लोकांनी चाळीस का धरले असतील, याची कारणे वेगळी होती, पण आकडा जुळला याची मला गंमत वाटते.

ज्यांच्या टाकीत रोग शिरलाच आहे, त्यांना एकच खरा मार्ग आहे. सगळे मासे बाहेर काढून वेगळे उपचार करावेत आणि मोठी टाकी माशांवाचून चालू ठेवावी. शंख, कोळंबी, प्रवाळ यांच्यावर हा जीव जगत नाही. किती दिवस? एका नोंदीत कवचातून शेवटची पोरे ७२व्या दिवशी बाहेर पडली, म्हणून छंदातली मंडळी ७६ दिवस धरतात. याच कारणाने शंखाच्या पाठीवरून किंवा दगडावरून कवचे येऊ शकतात, आणि नवा शंखही काही आठवडे माशाविना ठेवावा लागतो. जाता जाता सांगतो, की जिवंत प्रवाळ आणि समुद्रघोडे यांना आपल्याकडे २००१ सालापासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. कोणी पिशवीत घालून आणून दाखवले तर घेऊ नये.

शक्य असेल तिथे पाळीव पैदाशीचे मासे घ्यावेत, असाही माझा आग्रह आहे. विदूषक माशांची पैदास आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने केलेली आहे. निळ्या सर्जन माशाची पैदास २०१६ साली फ्लोरिडा विद्यापीठात पहिल्यांदा साधली, परंतु दुकानातले बहुतेक अजून समुद्रातूनच येतात. पाळीव माशांनी तो लांबचा प्रवास केलेला नसतो, ते कोरडे खाणे खातात. मात्र दुकानातल्या त्या एका पाण्यात तेही चार दिवस राहिलेले असतात, तेव्हा त्यांनाही चाळीस दिवसांची सूट नाही.

चाळीस दिवस झाल्यावर मासा मोठ्या टाकीत न्यायचा तो संध्याकाळी, दिवे मालवून. त्याआधी तिथले दोन-चार दगड हलवून ठेवावेत, म्हणजे जुन्या माशांच्या हद्दी मोडतात आणि नव्याला कोणी आपल्या जागेवरचा घुसखोर समजत नाही. शक्य तर दोन नवे मासे एकदम सोडावेत. वेगळी टाकी रिकामी करून, धुऊन, उन्हात चांगली वाळवावी, पाइपचे तुकडे आणि जाळी त्यातच ठेवून वर कापड झाकावे, आणि नवा स्पंज मोठ्या टाकीच्या हौदात मुरायला घालावा.